तापीकाठचे मऊ आमिष

गेल्या जून महिन्याच्या आरंभी काही कामानिमित्त आम्हांस बुऱ्हाणपुरास जावे लागले व तेथे एका जुन्या स्नेह्यांच्या घरी सुमारे दोन आठवडे मुक्काम पडला. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे प्राचीन शहर आज मध्य प्रदेशात मोडते, आणि २००३ सालापासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले आहे. तथापि तेथील बाजारात मराठी बोल सहज कानी पडतात. गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो आणि शहराच्या पायथ्याशी, जुन्या शाही किल्ल्याच्या तटाखालून, तापी नदी वाहते.

ह्या शहराचे पाण्याशी असलेले नाते फार जुने आहे. १६१५ सालच्या सुमारास तब्कुतुल अर्ज नावाच्या एका इराणी जाणकाराने येथे जमिनीखालून पाणी खेळविण्याची योजना आखली. तिचा खुनी भंडारा आजही पाहावयास मिळतो. किल्ल्यासमोर नदीच्या पात्रात एक दगडी हत्ती आहे. १६१० च्या सुमारास येथून गेलेल्या विल्यम फिंच ह्या इंग्रज व्यापाऱ्याने त्याचा उल्लेख करून ठेवला आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काळ्या खडकांमध्ये लहानमोठे डोह तेवढे उरतात, आणि त्या डोहांच्या काठी गळ टाकून बसणारी माणसे दिसू लागतात.

आमचे स्नेही त्यांपैकीच एक. पस्तीस वर्षे यंत्रमागावर काम केलेल्या ह्या गृहस्थांस दुसरे व्यसन नाही. सुटीच्या दिवशी बांबूची काठी, तंगुसाची दोरी आणि आमिषाची डबी घेऊन ते नदीवर जातात. त्यांचे आमिष घरचेच. गव्हाच्या कणकेत थोडे भाजलेल्या डाळीचे पीठ, चिमूटभर हिंग आणि पिंजलेल्या कापसाचे चार धागे घालून ते गोळा मळतात. कापूस कशासाठी, असे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "कापसामुळे गोळा पाण्यात विरघळत नाही, आणि लहान मासे टोचा मारून तो पळवू शकत नाहीत." रोहूसारखा मासा अशा गोळीला लागतो. परंतु मरळ किंवा शिवडा ह्यांसारखे शिकारी मासे पिठाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना हालते भक्ष्य हवे असते. त्यासाठी कोणी गांडूळ लावतात, कोणी जिवंत बेडकी.

त्यांचा भाचा सतरा-अठरा वर्षांचा. वडील नसल्यामुळे आईसह मामांकडेच वाढलेला. त्यास जिवंत बेडकीच्या पाठीत गळ टोचणे मुळीच आवडत नाही. त्याने कोठूनसे एक रबरासारखे मऊ, तपकिरी रंगाचे गांडूळ विकत आणले होते. पाण्यातून ओढले असता त्याची वळणदार शेपटी जिवंत प्राण्यासारखी हाले. पण तापीचे पात्र खडकाळ. तिसऱ्याच फेकीस ते कपारीत अडकले, दोरी तुटली आणि पैसे पाण्यात गेले. तेव्हापासून मुलाने ध्यास घेतला की हे गांडूळ आपण घरीच करावयाचे, आणि जमल्यास चार जादा करून घाटावर विकावयाचे. आईने साठविलेल्या पैशांतून काही रक्कम उसनी घेऊन त्याने मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून सामग्री मागविली. ती आम्ही तेथे असतानाच येऊन पोहोचली, आणि पुढील सर्व प्रकार आम्हांस जवळून पाहावयास मिळाला.

हे मऊ आमिष म्हणजे काय, ते प्रथम समजून घेऊ. कृत्रिम आमिष ही कल्पना नवी नव्हे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्यांनी १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी महाशीर माशासाठी धातूचे चकचकीत आमिष वापरीत असत. ते कठीण असल्यामुळे माशाने तोंडात घेताच त्यास फसवणूक कळते व तो ते थुंकून टाकतो. मऊ आमिषाचा शोध पुढे अमेरिकेत लागला. रबरी चाकांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ओहायो राज्यातील अॅक्रन शहरात निक क्रीम नावाच्या कारागिराने १९४९ साली स्वतःच्या स्वयंपाकघरातील चुलीवर प्लास्टिक वितळवून त्याचे गांडूळ ओतले. मासा ते चावला तरी मऊ लागत असल्यामुळे क्षणभर अधिक तोंडात धरून ठेवतो, आणि तेवढ्यात गळ ओढावयास अवसर मिळतो. आज जगभर विकल्या जाणाऱ्या मऊ आमिषांमागे हेच साधे तत्त्व आहे.

हे ज्या पदार्थापासून करतात त्यास प्लॅस्टिसॉल म्हणतात. पॉलिव्हिनिल क्लोराइड ह्या प्लास्टिकची अत्यंत बारीक भुकटी एका तेलकट द्रवात मिसळलेली असते. बाटलीत हा पदार्थ दुधासारखा पांढरा दिसतो. तापवू लागताच तो आधी घट्ट होऊन खळीसारखा होतो. नवशिका येथेच घाबरतो. परंतु मंद आचेवर ढवळीत राहिल्यास तो पुन्हा पातळ होतो आणि सुमारे १७५ अंश सेल्सियसला स्वच्छ, पारदर्शक दिसू लागतो. हीच ओतण्याची वेळ. ह्यापेक्षा फार पुढे गेल्यास तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, करपतो, आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड नावाचा आंबट, झोंबणारा वायू निघतो. हा वायू डोळे, घसा व फुप्फुसे ह्यांस अपाय करतो.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा करतात. ज्याची नक्कल करावयाची त्या गांडुळास पेट्रोलियम जेली चोपडून ते कालविलेल्या प्लास्टरमध्ये अर्धे बुडवितात. प्लास्टर घट्ट झाले की ते अलगद काढून घेतात व मागे खाच उरते. नमुना हाताने मातीचा अथवा मेणाचा करता येतो. ह्यातच घरी आमिष करण्याची खरी गोडी आहे, कारण शेपटी रुंद करावी की वळणदार, अंगावर कडी किती असावीत, बेडकीचे पाय केवढे असावेत, हे सारे आपल्या डोहातील माशांस पाहून ठरविता येते. साचा पूर्ण वाळू द्यावा लागतो, आणि त्यास कित्येक दिवस लागतात. त्यानंतर आतून पातळ सरस किंवा रोगणाचा हात फिरवितात, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत होतो.

आता प्रकार घडला तो असा. मुलाने सायंकाळी साचा केला, रात्रभर पंख्याखाली ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मामा बाहेर गेलेले पाहून चहाच्या पातेल्यात प्लॅस्टिसॉल घेऊन गॅसवर चढविले. बाहेर ऊन रणरणत होते, म्हणून खिडक्या बंद होत्या. शेजारच्या खोलीत त्याची आजी पडली होती. मिश्रण पारदर्शक झाले, त्याने ते साच्यात ओतले, आणि साचा आतून ओला असल्यामुळे त्यातील पाण्याची वाफ होऊन उकळते प्लास्टिक थडथड उडाले. त्याचा एक थेंब मनगटावर पडून चिकटला. तो हात झटकीत मागे सरला, परंतु पातेले चुलीवर तसेच राहिले. पाहता पाहता त्यातील उरलेले मिश्रण करपले. आम्ही ओसरीवर वाचीत बसलो होतो. आजीच्या खोकल्याचा आवाज आला म्हणून आत धावलो तो घर धुराने भरलेले! डोळे उघडवेनात. म्हातारीस आधी अंगणात आणले, मग गॅस बंद केला आणि खिडक्या उघडल्या.

मुलाचा हात आम्ही नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरला. चिकटलेले प्लास्टिक ओढून काढले नाही, कारण त्याबरोबर कातडी निघते. शेजारच्या एका बाई हळद घेऊन आल्या होत्या, त्यांस हात जोडून थांबविले. हळद, तूप, दंतमंजन ह्यांपैकी काहीही भाजल्या जागी लावू नये. नंतर दोघांस डॉक्टरांकडे नेले. मुलाची जखम वरवरची होती. आजीचा श्वास मात्र तीन दिवस लागत होता, आणि ते तीन दिवस मुलगा तिच्या उशापासून हलला नाही.

मामा संतापतील असे आम्हांस वाटले होते. ते रात्री घरी आले, सर्व हकीकत ऐकली आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, मागावर बसण्याआधी मी तुला धागा जोडायला किती दिवस शिकवलं? इथे तुला एक रात्र पुष्कळ वाटली?" मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मामा, चूक झाली. उरलेलं सामान फेकून देतो." मामा म्हणाले, "फेकायचं नाही. आईचे पैसे आहेत ते. आता नीट करायचं."

त्यानंतर जे झाले ते ज्यांच्या घरी अशी हौशी मुले आहेत त्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. काम घरातून उठून मागच्या उघड्या अंगणात गेले. वारा पाठीमागून येईल असे उभे राहावयाचे, म्हणजे धूर तोंडावर येत नाही. एक जुने जाड बुडाचे पातेले ह्याच कामासाठी वेगळे काढले. पुन्हा त्यात चहा अथवा अन्न शिजवावयाचे नाही. कातडी हातमोजे, डोळ्यांस चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, आणि तापमान पाहण्यास तापमापक. पाण्याचा थेंब जवळ येऊ द्यावयाचा नाही. नवा साचा आठ दिवस उन्हात वाळविला. बुऱ्हाणपूरचे ऊन त्या कामी फार उपयोगी पडले.

मुलाच्या मनात आणखी एक कल्पना होती. जुन्या चपला, विजेच्या तारांवरचे वेष्टन, पाण्याच्या नळ्यांचे तुकडे वितळवून फुकटात आमिष करावे, असे त्याने कोणाकडून ऐकले होते. हे कोणीही करू नये. नळीचे प्लास्टिक कडक असते, ते वितळून मऊ होत नाही, करपते मात्र. जुन्या तारांच्या वेष्टनात शिशाची संयुगे असू शकतात. चपला कशाच्या केल्या आहेत हे आपणांस ठाऊक नसते. ह्याउलट, फाटलेली मऊ आमिषे रंगाप्रमाणे निवडून पुन्हा वितळविता येतात. दोन तुकडे जोडावयाचे असल्यास तापविलेल्या सुरीच्या पात्यास दोन्ही टोके क्षणभर टेकवून एकमेकांस चिकटविली की पुरे.

रंगाचे दोन थेंब, थोडी चमकी, आणि वास यावा म्हणून बडीशेपेच्या तेलाचा अंश, एवढे त्याने मिश्रणात घातले. बारीक दळलेले मीठ मिसळल्यास आमिष जड होऊन लवकर बुडते, पण मीठ फार झाले तर ते चटकन फाटते. तयार माल इतर जातीच्या मऊ प्लास्टिकबरोबर अथवा वाटेल त्या डबीत ठेवू नये. त्यातील तेल पाझरून काही जातींचे कडक प्लास्टिकही विरघळविते, आणि सकाळी डबी व आमिष ह्यांचा एकच लगदा झालेला आढळतो. दोरीस लावावयाच्या शिशाच्या गोळ्या दातांनी दाबण्याची वाईट सवय पुष्कळांस असते. शिसे विषारी आहे. तेथे चिमटा वापरावा आणि नंतर हात धुवावेत.

ज्या घरी लहान मुलांस हा खेळ करावयाचा असेल, त्यांनी प्लॅस्टिसॉलच्या वाटेस जाऊच नये. बाजारात चिनी गवत मिळते. ते पाण्यात उकळून त्यात थोडे पीठ व रंग घालून साच्यात ओतले की निवल्यावर थिजते, आणि एकदा थिजलेले चिनी गवत कडक उन्हातही वितळत नाही. जिलेटिन व ग्लिसरीन ह्यांचेही मऊ आमिष होते, परंतु जिलेटिन सुमारे ३५ अंशांस विरघळू लागते, आणि आमच्याकडील उन्हाळ्यात ते खिशातच पातळ होईल. ही आमिषे एकदोन चाव्यांत संपतात हे खरे, पण ती पाण्यात कुजून जातात. प्लास्टिकचे गांडूळ कुजत नाही. ते माशाने गिळले तर त्याच्या पोटात राहते, आणि खडकात अडकले तर वर्षानुवर्षे तेथेच पडून राहते. म्हणून फाटलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून घरी आणावा.

जून महिन्याची पंधरावी तारीख उजाडली. मध्य प्रदेशात १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत मासे धरण्यास बंदी असते, कारण तो त्यांच्या वीणीचा काळ. साहजिकच मुलाची घाई झाली होती. त्या दिवशी आम्ही तिघे पहाटेच नदीवर गेलो. त्याने केलेले गांडूळ खरोखर देखणे होते. शेपटी रुंद, रंग काळसर हिरवा, पोटाखाली किंचित पिवळा. दुसऱ्याच फेकीस पाणी फुटले आणि एका मोठ्या मरळीने धडक दिली. गळ लागला नाही. मुलाने पुन्हा त्याच जागी आमिष टाकले, पुन्हा धडक! त्याचा चेहरा उजळला. इतके दिवसांचे कष्ट, आजीचे दुखणे, आईचे पैसे, ह्या सर्वांचे उत्तर जणू त्या डोहात दोन हातांवर होते.

तिसऱ्यांदा त्याने हात उचलला तोच मामांनी काठीवर हात ठेवला. "थांब. तिकडे बघ," ते म्हणाले. पाण्याच्या पृष्ठभागाशी, पसरलेल्या चादरीएवढ्या जागेत, तांबूस रंगाचे काहीतरी बुडबुडत होते. आम्हांस प्रथम पाने वाटली. ती मरळीची पिले होती. शेकडो पिले एकत्र, क्षणात वर येऊन हवा घेत, क्षणात खाली जात. मरळ हा हवा घेणारा मासा आहे. त्याचे नर-मादी दोघेही पिलांभोवती पहारा देतात आणि जो कोणी जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात.

"तिला भूक लागलेली नाही," मामा म्हणाले. "तुझं गांडूळ पोरांच्या अंगावर येतंय म्हणून ती मारतेय. तिला काढलीस तर संध्याकाळपर्यंत ही सगळी पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात जातील."

मुलगा म्हणाला, "मामा, उद्यापासून बंदी. आज नाही मिळाला तर दोन महिने थांबावं लागेल. आणि बंदी उद्यापासून आहे ना, आज नाही."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी काठीवरचा हात काढून घेतला आणि आपल्या कणकेच्या गोळ्या मळू लागले. निर्णय त्यांनी मुलावर सोडला. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत उभा होता. तेवढ्यात मरळ पुन्हा वर आली, हवा घेतली, आणि पिलांच्या खालून फिरून गेली. मुलाने हळूच दोरी गुंडाळली, गांडूळ गळावरून काढून डबीत ठेवले व मामांच्या शेजारी बसला. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, "आजीला सांगू नका, ती हसेल." अर्थात आजीस सांगितलेच, आणि ती हसली नाही. तिने त्याच्या मनगटावरील जखमेवरून हात फिरविला.

वाचकहो, कायद्याची तारीख सर्वांसाठी एकच असते. नदीतील प्रत्येक आई मात्र तारीख पाहून पिले वाढवीत नाही. म्हणून कायदा पाळणे हा आरंभ होय. डोळे उघडे ठेवून हात आवरणे हे त्याच्या पुढचे पाऊल. मध्य प्रदेश शासनाने २०११ साली महाशीर हा राज्याचा मासा म्हणून घोषित केला, तो त्याची संख्या घटत चालली म्हणूनच. जेथे लहान महाशीर गळास लागेल तेथे ओल्या हाताने तो सोडवून परत पाण्यात द्यावा. कोरड्या हाताने धरल्यास त्याच्या अंगावरील चिकट आवरण निघून जाते आणि तो पुढे रोगी पडतो.

ऑगस्टच्या अखेरीस आमच्या स्नेह्यांचे पत्र आले. पावसाचे पाणी ओसरू लागल्यावर एका रविवारी मामा-भाचे पुन्हा नदीवर गेले होते. पहिल्या गांडुळाची शेपटी तुटली होती. मुलाने ती तापल्या सुरीने जोडून तेच पाण्यात टाकले. दुपारी एक चांगली मरळ लागली आणि आजीने ती स्वतः रांधली. मुलाने आणखी बारा गांडुळे करून घाटावर विकली व आईचे निम्मे पैसे फेडले. उरलेले निम्मे दिवाळीपर्यंत फेडीन, असे त्याने पत्राखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, आणि त्याखाली एक ओळ आहे: साचा आता आठ दिवस वाळवितो.